जगासाठी भाषा बनवायची तर ख-घ ठेवायचे का?

सांगलीकर: मी आणि मिरजेचा एक मित्र, कुणालाही पटकन शिकता येईल अशी भाषा बनवतोय, लिंगं काढून टाकलीत, क्रियापद माणसागणिक बदलत नाही, पण ख, घ, ठ, भ वर अडलंय. काय करू?

कंदी पेढा, सातारा: काढा बिनधास्त. जपानी माणसाला क आणि ख वेगळे ओळखायलाच जड जातं. र-ल च्या फरकावर पण अर्थ टांगू नका. स्वर पाच बास, एस्पेरांतो या जगासाठी बनवलेल्या भाषेत पाचच आहेत.

कृष्णाकाठ: एस्पेरांतो १८८७ ची, झामेनहॉफनं १६ नियमांत बसवली, व्याकरण एक नंबर, पण शब्द बहुतेक युरोपातले, म्हणजे आपल्याला नुसतं पाठांतर. 'बोना' चांगला, आधी 'माल' जोडला की 'मालबोना' वाईट, ही युक्ती मात्र उचलाच राव, बरेच शब्द पाठ करायचे वाचतात.

सांगलीकर: ख-घ काढले. शब्द हिंदी, चिनी, अरबी, स्वाहिलीतनं घेतो.