मदत हवी आहे: ध्रुवीय समुद्रतळाच्या गाळातील प्राचीन शैवालाचे वय कसे सिद्ध करायचे?

मंगल_जुळेसोलापूर
मी सोलापुरातील एका शाळेत विज्ञान शिकवते. तालुका विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलींनी ध्रुवाजवळच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळातील प्राचीन शैवालावर प्रतिकृती मांडली होती. परीक्षकांनी विचारले की, कार्बन पद्धतीने जेमतेम 50 हजार वर्षांपर्यंतचे वय काढता येते, मग फलकावरचा आकडा आला कुठून? मुली गप्प राहिल्या आणि उत्तर मलाही देता आले नाही. जिल्हा प्रदर्शन पुढच्या मंगळवारी आहे. वय कसे काढतात एवढेच कृपया सांगावे. शैवाल म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे.

भीमाकाठ
मंगलताई, कोणता ध्रुव, फलकावरचा आकडा किती आणि सापडले ते नेमके काय, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. शैवालाचे कवच, त्याने मागे ठेवलेले रसायन, त्याचा डीएनए आणि जिवंत पेशी या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवरून काढता येणारा निष्कर्ष वेगळा असतो.

मोहोळचा_गोपालक
विषय ध्रुवाचा असेल तर अझोलाच मांडा, असे माझे मत आहे. 2004 साली आर्क्टिक महासागरातील लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर खोदकाम झाले, तेव्हा सुमारे 4 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत अझोलाचे अवशेष विपुल सापडले. तीच वनस्पती मी गोठ्यामागच्या खड्ड्यात ताडपत्री अंथरून वाढवतो आणि म्हशींना घालतो. मुलींना जिवंत नमुना लागला तर घेऊन जावा.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र
अझोला ही नेचेवर्गीय वनस्पती आहे, शैवाल नव्हे. शैवालाच्या प्रतिकृतीत ती ठेवली तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतील.

मोहोळचा_गोपालक
तिच्या पानांच्या पोकळीत नीलहरित शैवाल राहते आणि हवेतला नायट्रोजन तेच धरून ठेवते, त्यामुळे विषय अगदीच परका नाही, सर.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र
तो सहवास खरा आहे. परंतु त्या थरांतील अझोला ओळखला गेला तो त्याच्या स्वतःच्या बीजाणूंवरून. शिवाय ताईंनी विचारले आहे ते वयाविषयी.

मंगल_जुळेसोलापूर
क्षमस्व, घाईत लिहायचे राहिले. दक्षिण ध्रुवाजवळचा स्कोशिया समुद्र. फलकावर ‘5 लाख 40 हजार वर्षांपूर्वीचे शैवाल प्रयोगशाळेत पुन्हा वाढू लागले’ असे आहे. मुलींनी दोन बातम्या वाचून मजकूर तयार केला.

भीमाकाठ
गाठ इथेच आहे, ताई. दोन वेगळे शोध एका वाक्यात मिसळले गेले आहेत. स्कोशिया समुद्रात 2019 साली जॉयडेस रेझोल्यूशन या जहाजावरून गाळाचे गाभे, म्हणजे तळात नळी घुसवून घेतलेले थरांचे उभे नमुने, काढले गेले आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतील सागरी जीवांचा सुमारे 10 लाख वर्षांपर्यंतचा, तर डायाटम म्हणजे करंडक शैवालाचा सुमारे 5 लाख 40 हजार वर्षांपर्यंतचा डीएनए मिळाला. तो तुकड्यातुकड्यांत असतो. त्यातून काहीही वाढत नाही. पुन्हा वाढले ते स्केलेटोनेमा मरिनोई या जातीचे करंडक शैवाल, तेही बाल्टिक समुद्राच्या प्राणवायूरहित तळातील, सुमारे 7 हजार वर्षांपूर्वीचे. तो अभ्यास 2025 सालचा आहे. बाल्टिक हा ध्रुवीय समुद्र नाही.

रेल्वेलाईन्स_वाचक
मुलींना या विषयात पुढे शिकायचे असेल तर गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती या केंद्रांचे काम तेथूनच चालते. बारावीला गणित सोडू देऊ नका.

मंगल_जुळेसोलापूर
माहितीबद्दल आभार, परंतु मुली अजून नववीत आहेत. 5 लाख 40 हजार हा आकडा कार्बनवरून आला नाही, तर कशावरून आला?

निवृत्त_वनस्पतिशास्त्र
आता उत्तर देता येईल. वय शैवालाचे मोजलेले नसते, ते ज्या थरात सापडले त्या थराचे मोजलेले असते, आणि मुलींनी परीक्षकांना हेच वाक्य प्रथम सांगावे. अंटार्क्टिकाभोवतीच्या गाळात चुनखडीची कवचे विरळ असतात आणि तिथल्या पाण्यातला कार्बन मुळातच हजाराहून अधिक वर्षे जुना भासतो, त्यामुळे अलीकडच्या थरांतही कार्बन पद्धत जपून वापरावी लागते. खोल थरांसाठी अनेक साक्षी एकमेकींशी ताडून पाहतात. गाळाचे कण साचताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले ते सुमारे 7 लाख 75 हजार वर्षांपूर्वी, म्हणून ती खूण गाभ्यात सापडली की वरचे सर्व थर त्याहून अलीकडचे ठरतात. दख्खनच्या काळ्या कातळाच्या थरांतही अशा उलट्या दिशा नोंदलेल्या आहेत, हे मुलींना आवर्जून सांगा. दुसरी साक्ष करंडकांच्या जातींची, कारण कोणती जात केव्हा उदयास आली आणि केव्हा नामशेष झाली याचे वेळापत्रक जगभरच्या गाभ्यांवरून तयार झालेले आहे. तिसरी साक्ष धुळीची, जिचे चढउतार अंटार्क्टिकाच्या बर्फगाभ्यांतील नोंदींशी जुळवता येतात.

भीमाकाठ
सरांशी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. एवढ्यावर परीक्षक थांबणार नाहीत. हा डीएनए आजच्या समुद्रातून मिसळला नाही कशावरून, असे ते विचारतील. खोदकामाच्या पाण्यात खुणेचे रसायन सोडतात आणि ते गाभ्याच्या आतल्या भागात शिरले आहे का, हे तपासतात. शिवाय जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी ठरावीक प्रकारची झीज दिसते, जी ताज्या डीएनएत नसते.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र
मान्य आहे. तरीही नववीच्या मुलींनी आधी थर समजून घ्यावा. त्यासाठी हिप्परगा तलावाच्या काठचा गाळ आणा. तो बांध एकोणिसाव्या शतकातला आहे, त्यामुळे बांधामुळे साचलेला कोणताही थर त्याहून आधी साचलेला असूच शकत नाही. वयाची मर्यादा बाहेरच्या खुणेवरून कशी ठरते, हे इतक्या जवळ दुसरीकडे दाखवता येणार नाही. त्या गाळातही करंडक असतात.

मंगल_जुळेसोलापूर
दोन्ही सरांचे मनापासून आभार. आता दोन फलक केले आहेत, एक स्कोशियाचा आणि एक बाल्टिकचा, आणि ‘पुन्हा वाढू लागले’ हे शब्द फक्त दुसऱ्यावर ठेवले आहेत. रविवारी सकाळी मुलींना घेऊन हिप्परग्याला जाते. कवचे स्वच्छ दिसावीत म्हणून गाळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळावा लागेल का?

निवृत्त_वनस्पतिशास्त्र
नको. ते काम मुलींच्या हाती देण्यासारखे नाही आणि तुमच्या कामापुरती त्याची गरजही नाही. वरचा सोनेरी-तपकिरी थर पाण्यात ढवळा, जड वाळू खाली बसू द्या आणि वरच्या गढूळ पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन 400 पट विवर्धनाखाली पाहा. बाटलीवर जागा आणि तारीख तिथल्या तिथे लिहायला मात्र विसरू नका.