सिमोन सिन्योरेचे सिनेमे कुठून सुरू करू? आईबरोबर बघायचेत

मृण्मयी_क :
नमस्कार मंडळी, मागे फिल्म क्लबमध्ये 'ले दियाबोलिक' बघितला आणि त्यातली ती आखूड केसांची, काळा चष्मा लावून शाळेत वावरणारी निकोल डोक्यातून जातच नाहीये. नेटवर ते काम करणाऱ्या फ्रेंच नटीबद्दल, सिमोन सिन्योरेबद्दल वाचायला गेले तर अर्ध्या ठिकाणी नवरा इव्ह मोंताँ आणि मॅरिलिन मन्रो यांचंच प्रकरण, तिच्या कामाबद्दल दोन ओळी. मला तिचे चार-पाच चांगले सिनेमे आणि कुठल्या क्रमाने बघू ते सांगा. आईबरोबर बघायचेत, तिला सबटायटल भराभर वाचता येत नाहीत म्हणून मी पॉज करून वाचून दाखवते. दुःखी शेवट चालेल, मारझोड फार नको. आणि तिच्या आयुष्याबद्दल चांगलं पुस्तक असेल तर तेही.

जुनापडदा :
आईबरोबर बघायचंय तर 'रूम ॲट द टॉप' (१९५९) पासून सुरू करा, पूर्ण इंग्रजी आहे त्यामुळे पॉज करायची भानगड नाही. यॉर्कशरमधलं गिरण्यांचं गाव, काहीही करून वर चढायचंय असा एक तरुण, कारखानदाराची लाडकी मुलगी आणि मधे ही ॲलिस, वयाने त्याच्याहून मोठी, लग्नात कोंडलेली. तो आपल्याला सोडणार हे तिला कळतं तो सीन नीट बघा, ती आवाजही चढवत नाही. या एका भूमिकेसाठी कानचं पारितोषिक, बाफ्टा आणि ऑस्कर, तिन्ही मिळाले, आणि हे त्या बाईला जिला डाव्या चळवळीतल्या वावरामुळे अमेरिका आधी कित्येक वर्षं व्हिसाच देत नव्हती.

त्यानंतर मागे जा, 'कास्क दॉर' (१९५२). दिग्दर्शक झाक बेकेर. १९००च्या आसपासचं पॅरिस, गुंडांची टोळी, नदीकाठची नाचायची जागा. सुरुवातीलाच ती एकाच्या मिठीत गिरक्या घेतेय आणि प्रत्येक गिरकीला नजर मात्र कोपऱ्यात बसलेल्या सुताराकडे, एकही वाक्य नाही आणि सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. फ्रान्समध्ये तेव्हा पडला होता हा सिनेमा, इंग्लंडात लोकांनी डोक्यावर घेतला.

आयुष्याबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते माहीत असलं की नंतरचे सिनेमे वेगळे दिसतात. जन्म १९२१, जर्मनीतल्या वीसबाडेनला, आडनाव कामिंकर. वडील पोलिश ज्यू वंशाचे, नावाजलेले दुभाषी. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर वडील लंडनला, जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या द गॉलच्या लोकांकडे गेले आणि घर चालवायची जबाबदारी या पोरीवर आली. सिन्योरे हे आईचं माहेरचं आडनाव, ते लावलं, कारण कामिंकर नावाने काम मिळणं सोडाच, जीव वाचणं कठीण. युद्धाच्या त्या वर्षांत गर्दीतली, नाव न येणारी कामं करत ती सिनेमात शिरली.

रेवा_लियाँ :
जुनापडदा यांच्या पहिल्या दोन नावांना माझं अनुमोदन, पण माझ्या मते ती खरी कळते ती चाळिशीनंतर. तिने म्हातारं होणं लपवलं नाही. चेहरा सुजला, अंग सुटलं, डोळ्यांखाली पिशव्या आल्या आणि ती तशीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, त्या काळातल्या देखण्या नटीने असं करणं म्हणजे काय ते समजून घ्या. म्हणून क्रम वयाप्रमाणेच ठेवा.

'आर्मी ऑफ शॅडोज' (१९६९) चुकवू नका. दिग्दर्शक झाँ-पिएर मेलव्हिल स्वतः नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता. मातिल्द नावाची साधी दिसणारी गृहिणी, आणि गेस्टापोच्या (नाझींच्या गुप्त पोलिसांच्या) तावडीतून माणूस सोडवायला जर्मन नर्स बनून तीच पुढे जाते. पाकिटात मुलीचा फोटो ठेवते, एवढंच मी सांगते, पुढचं सांगत नाही. छळाचा एक भाग आहे, थेट फार दाखवत नाहीत, तरी आईला आधी कल्पना द्या. मी इथे लियाँला राहते, सिनेमातला बराच भाग याच शहरात घडतो, त्यामुळे मला तो जरा जास्तच लागतो.

मग 'ल शा' (१९७१). झाँ गाबँ आणि ही, म्हातारं जोडपं, एका घरात राहतात पण बोलत नाहीत, चिठ्ठ्या लिहितात. आजूबाजूची घरं पाडून नवीन इमारती उभ्या राहतायत, बुलडोझरचा आवाज सतत. तो मांजरावर जीव लावतो आणि ती त्या मांजरावर जळते. बर्लिनला दोघांनाही अभिनयाचं बक्षीस मिळालं. संवाद कमी आहेत त्यामुळे तुमच्या आईंना जमेल, पण मांजरप्रेमी असतील तर नको, खरंच नको.

मृण्मयी_क :
आई मांजरप्रेमीच आहे, दोन आहेत घरात :( तो मी एकटी बघेन. शेवटच्या काळातला आईला चालेल असा कुठला?

रेवा_लियाँ :
'मादाम रोझा' (१९७७)! पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतल्या जुन्या इमारतीत, कितीतरी जिने चढून जायच्या घरात, ऑशविट्झमधून वाचलेली एक म्हातारी, आधी वेश्या होती, आता त्या बायकांची मुलं सांभाळते. मोमो नावाचा अरब मुलगा आणि ती, दोघांचं नातं बघताना रुमाल जवळ ठेवा. सेझार, म्हणजे फ्रान्सचं मोठं सिनेमा-पारितोषिक, मिळालं तिला यासाठी, आणि सिनेमाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर. तेव्हा ती जेमतेम ५६ची होती, पण प्रत्येक पायरीवरचा तो श्वास ऐका.

जुनापडदा :
'मादाम रोझा' शंभर टक्के. राजकारणाची आवड असेल तर 'द कन्फेशन' (१९७०) जोडा. हंगेरीत रशियन रणगाडे घुसल्यावर १९५६च्या अखेरीस मोंताँ आणि ती दोघं सोव्हिएत दौऱ्यावर गेले म्हणून फ्रान्समध्ये दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या होत्या. नंतर त्याच जोडप्याने कम्युनिस्ट राजवटीतल्या प्रागमधल्या खोट्या खटल्यावरच्या या सिनेमात नवरा-बायकोचं काम केलं. बायको कम्युनिस्ट पक्षावर विश्वास ठेवून नवऱ्याला दोषी मानते, ते काम करणं तिला किती अवघड गेलं असेल. कोठडीतली चौकशी लांबलचक आहे, आईसाठी नको.

पुस्तकाचं विचारलंत, तर दुसऱ्या कुणी लिहिलेल्या चरित्राआधी तिचं आत्मचरित्र घ्या, 'नॉस्टॅल्जिया इजन्ट व्हॉट इट यूज्ड टु बी', मूळ फ्रेंच १९७६चं. मॅरिलिनबद्दलही लिहिलंय, शेजारणीबद्दल लिहावं तसं, कडवटपणा न ठेवता, ती पानं वाचल्यावर नेटवरची गॉसिपं वाचवत नाहीत.

रेवा_लियाँ :
आणि तिची कादंबरी 'अद्यू व्होलोद्या', १९८५ची, पोलंड-युक्रेनमधून पॅरिसला आलेल्या ज्यू कुटुंबांची गोष्ट. नजर जवळजवळ गेलेली होती तेव्हा. त्याच वर्षी सप्टेंबरात ती गेली. मृण्मयी, आत्मचरित्र जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा, इंग्रजी आवृत्ती अधूनमधून सापडते. आणि 'आर्मी ऑफ शॅडोज'ची रिस्टोअर केलेलीच प्रिंट बघा, जुन्या अपलोडमध्ये रात्रीचे सीन नुसते काळेकुट्ट दिसतात.