व्हॅलेंटिनो खरंच बैलासमोर गेला होता का?

सूरसागरकाठ:
काल रात्री आजीला घेऊन लॅपटॉपवर 1922 चा 'ब्लड अँड सॅण्ड' बघितला, मूकपट, रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा. सेव्हिलचा गरीब पोरगा नामी बुलफायटर होतो, घरी साधी बायको कार्मेन, बाहेर ती श्रीमंत डोन्या सोल, मग जे व्हायचं ते होतंच. पण एक गोष्ट खटकली, मी दोनतीनदा मागे नेऊन बघितलं, बैल दिसतो तेव्हा माणूस लांब असतो आणि चेहरा जवळून दिसला की बैल गायब! आणि कार्मेनला सगळं कळतं तरी ती नवऱ्याला धड काही बोलत नाही, आजी जाम वैतागली, म्हणे अगं हिला एक संवादाची पाटी तरी द्या रे मेल्यांनो.

दांडियाबाजारकर:
बरोबर पकडलंस. ती डोरोथी आर्झनरची करामत, एडिटर होती. खऱ्या झुंजींचं तयार फुटेज घेतलं आणि मधेमधे व्हॅलेंटिनोचे क्लोजअप असे बसवले की थिएटरात कुणाला कळूच नये, स्टुडिओचे पैसे वाचले ते वेगळंच. पुढे स्वतः दिग्दर्शिका झाली, त्या काळात हॉलिवूडमध्ये बाई म्हणजे विचार कर.

जुनीपेठ:
आपल्याकडे हे कापाकापी न करता चालायचं ने! अग्गड म्हणजे बडोद्यातलं हत्तींच्या खेळाचं मैदान, तिथली साठमारी. खंडेराव महाराज गायकवाडांच्या वेळी रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला आलेला, त्याने ते सगळं लिहून ठेवलंय. मस्तीतला हत्ती मोकळा सोडायचा, साठमार म्हणजे मैदानात उतरलेला माणूस त्याला चिडवणार आणि अंगावर आला की भिंतीतल्या बारक्या दारातून पसार, दार एवढंच की माणूस जाईल, हत्ती नाही. फरक इतकाच की स्पेनमध्ये शेवटी बैलाला मारतातच.

चहाटपरी:
कार्मेन गप्प आहे हे मला नाही पटलं. कार्मेन झालेल्या लीला लीचे डोळे बघ, नवरा उशिरा येतो तेव्हाचे. दिग्दर्शकाचंच लक्ष सगळं डोन्या सोल झालेल्या नीता नाल्डीकडे, त्याला ती काय करणार. आणि मरतो तो शेवटी कार्मेनच्याच कुशीत.

सूरसागरकाठ:
थँक्यू सगळ्यांना. आजीला साठमारीचं वाचून दाखवलं तर कार्मेन राहिली बाजूला, तिला तिचे आजोबा आठवले, ते म्हणे सांगायचे की एक जाडा साठमार त्या दारात पोटाशी अडकला आणि आतल्यांनी पागोट्याला धरून ओढला, पागोटं हातात आलं, साठमार तिथेच. पुढे काय झालं विचारलं तर म्हणते, झोप आता.