साका हापूसच्या जातीतच आहे का? मदत हवी आहे

काल हापूस कापला. बाहेरून डाग नाही, वासही छान. आत मात्र कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. साकाच! फार जीव हळहळतो.

माझा प्रश्न त्याच्या आनुवंशिक बाजूचा आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेल्या रत्ना जातीत साका होत नाही. म्हणजे दोष हापूसच्या जनुकांत आहे, हे मला पटतं. पण कलमं तर सगळी एकाच वाणाची! मग एकाच झाडावरचं एक फळ खराब आणि शेजारचं चांगलं, असं का?

तापलेल्या जमिनीची उष्णता, काढणीला झालेला उशीर, ही कारणं माहीत आहेत. कोय फळातच रुजायच्या तयारीला लागते आणि गरातलं पाणी, अन्न ओढते, हेही वाचलंय. इथेच अडकलोय. कलमं एकसारखी असली तरी प्रत्येक कोयीतला गर्भ परागीकरणातून तयार होतो, म्हणून वेगळा. मग पराग कोणत्या जातीचा, यावर साका कमी-जास्त होतो का? बागेत दुसऱ्या जातीची झाडं मिसळून कुणाला फरक दिसलाय का? फळशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.