ओहियाला मर लागतेय: डाळिंबवाल्यांचा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. आम्ही हवाईच्या बिग आयलंडवर, हिलोजवळ राहतो. इथल्या ओहिया लेहुआ या झाडाबद्दल विचारायचंय. पेरू-जांभळाच्या कुळातलं हे झाड मूळचं फक्त हवाई बेटांवरचं. लाव्हा निवला की त्याच्या भेगांत सगळ्यात आधी रुजणाऱ्यांत हे असतं आणि इथलं पावसाळी जंगल उभं आहे ते याच्याच जिवावर. फूल म्हणजे लालभडक केसरांचा झुबका. आपापाने नावाचे लाल पक्षी त्यातला मध प्यायला येतात.

२०१० च्या सुमारास बेटावरच्या पुना भागात ही झाडं पटापट वाळायला लागली. कारण निघालं सेराटोसिस्टिस बुरशी. ती सालीवरच्या जखमेतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. बाहेरून धडधाकट दिसणारं झाड काही आठवड्यांत पिवळं पडून तपकिरी होतं. मग भुंगेरे खोड पोखरतात आणि त्यांच्या भुशातून बुरशी वाऱ्यावर पसरते. एकदा लागण झाली की औषध नाही, असं इथले तज्ज्ञ स्पष्ट सांगतात.

आमच्या कुंपणापलीकडचं मोठं झाड असंच गेलं. नमुना तपासायला दिलाय, अहवाल यायचाय. आमचं अजून हिरवंगार आहे, पण परवाच्या वाऱ्यात एक फांदी फाटली आणि खोडाची वीतभर साल सोलून आली. आतलं लाकूड ओलं, पांढरट, उघडं पडलंय. त्या जखमेचीच धास्ती वाटते.

इथे विचारतेय, कारण सोलापूर-नाशिककडे डाळिंबाला मर लागते ती याच बुरशीच्या भाईबंदामुळे. तिथे ती मुळांवाटे येते हे माहीत आहे, त्यामुळे आळवणीचा, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतण्याचा, इथे कितपत उपयोग होईल अशी शंका आहे. पण खोडाला तुम्ही बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) किंवा गेरूचा लेप लावता ना? हिलोला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात लेप टिकतो का? ओल्या जखमेवर लगेच लावायचा की आधी सुकू द्यायची? शॉट होल बोररची (खोड पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्याची) बारीक छिद्रं खोडावर कुठे आधी दिसतात?

आणि मेलेल्या झाडाचं काय करता? इथे सांगतात की तोडलं तर लाकूड जागेवरच ताडपत्रीखाली ठेवा, बाहेर नेऊ नका. शेजारी मात्र तोडूनच टाकू म्हणतात. करवतीचा भुसा आमच्या झाडाच्या जखमेवर उडेल, म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलंय. ज्यांनी बागेत मर रोखून शेजारची झाडं वाचवलीत, त्यांनी कृपया लवकर लिहा. खोडाचे फोटो लागले तर टाकते.