खऱ्या खुन्याचा पुतळा शोकेसमधे ठेवाचा कायले?

वरूडचा संत्रा
मॅकफार्लेन टॉईज नावाच्या अमेरिकन कंपनीनं 2004 मधे 'सिक्स फेसेस ऑफ मॅडनेस' म्हणून सहा फिगरचा, म्हणजे शोकेसमधे मांडाच्या बाहुल्यांचा, सेट काढला होता. अटिला हूण, व्लाड द इम्पेलर, एलिझाबेथ बाथरी, रासपुटिन, बिली द किड अन् जॅक द रिपर. माह्या भाच्यानं त्यातला रिपर कुठून तरी जुना मिळवला अन् सुट्टीत गावी आणून टीव्हीच्या बाजूले उभा केला. मले नाही पटलं राजेहो. अटिला, व्लाड समजू शकतो, राजे होते, लढाया होत्या. रिपर कोण? 1888 मधे लंडनच्या व्हाईटचॅपलमधे गरीब बायका कापणारा माणूस, जो कधी सापडलाच नाही, म्हणजे त्याचं तोंड कोणाले माहीत नाही तरी त्याची फिगर बनते, अन् मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राईड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली ह्या ज्या पाच जणी त्याच्याच बळी म्हणून धरतात त्यातलं एक नाव भाच्याले विचारलं तं येत नाही.

आपणही दुष्टाचे पुतळे बनवतोच, नागपुरात वरातीत निघणारी मारबत आहे, रावण आहे. पण जाळतो ना बाप्पा. फडक्यानं पुसत नाही बसत.

ठेचा भाकर
सगळेच जाळतात काय भाऊ? अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याले जाऊन या, तिथं रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे अन् दसऱ्याले पूजा होते. व्लाडनं 1462 मधे तुर्की सुलतानाच्या वाटेवर हजारो माणसं सुळावर चढवून ठेवली, तरी रुमानियात कित्येक लोक त्याले तुर्कांशी लढणारा राजा म्हणून मानतात. मंग खलनायकाची यादी कोण बनवणार, तुम्ही का मी?

अन् पोट्टे फिगर पाहून बिघडतात हे तं बोलूच नका. तान्ह्या पोळ्यात लाकडाचा बैल ओढणारे सगळे पोट्टे कास्तकार झाले असते मंग. आज एक पोट्टा वावरात जायले तयार नाही.

वरूडचा संत्रा
बिघडतात असं मी म्हटलंच नाही. माहा मुद्दा त्या पाच बायकांचा आहे, तुम्ही पोळ्यावर गेले.

पऱ्हाटीवाली
संत्रा दादा, रिपरचं पटलं. पण मारबत मधे आणली तर पूर्ण आणा. नागपूरची काळी मारबत 1881 पासून निघते, अन् ती कोणाची म्हणून सांगतात? भोसल्यांच्या बाकाबाईची. दुसऱ्या रघूजींची राणी. 1817 ला सीताबर्डीची लढाई हरले, अप्पासाहेबांना इंग्रजांनी काढलं, लहान पोराला गादीवर बसवलं आणि कारभार बाकाबाईकडे. मग ती इंग्रजांना फितूर म्हणून दरवर्षी तिची वरात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत". फितूर म्हणा, की गादी वाचवायला जे हाती होतं ते केलं म्हणा, यावर भांडता येईल, पण वरातीत कोण थांबून विचारते? आणि तुमच्या सेटमधली बाथरी, तिला रक्ताच्या टबात बसवलंय. ही हंगेरीची सरदारीण 1614 मधे कैदेत मेली, आणि रक्तानं अंघोळ करायची ही गोष्ट छापून आली 1729 ला! तिच्यावर मोलकरणींना मारल्याचे आरोप होतेच, पण टब नंतरचा. बाईला खलनायिका करायची तर ऐकीव गोष्ट पुरते, मग ते अमेरिकेत होवो का नागपुरात. जाळलं म्हणून आपण पवित्र होत नाही.

ठेचा भाकर
ताई, तुम्ही माह्या बाजूनं आहा का त्यांच्या?

पऱ्हाटीवाली
कोणाच्याच नाही.

मास्तर झेडपी
मी शाळेत शिकवतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे हिटलर म्हणजे 'कडक माणूस' एवढंच पोरांच्या डोक्यात असते, गॅस चेंबर कोणाला माहीत नाही. 2006 मधे नवी मुंबईत 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल उघडलं होतं, ज्यू लोकांनी विरोध केला तेव्हा नाव बदललं. आता अशा ठिकाणी हिटलरची फिगर ठेवली तर ती इतिहास नाही शिकवत, शाईन मारते. आणि खेळणं निरुपद्रवी असते हे मला मान्यच नाही. तो सत्तेत असताना जर्मनीत हाउसर कंपनी एलास्टोलिन नावाच्या खेळण्यातल्या शिपायांसोबत हिटलरही विकायची, सलामीसाठी हात वर होणारा. पोरं त्याच्याशी खेळायची. सीआयएनं तर 2005 च्या सुमारास ओसामाची फिगर बनवून घेतली, ती पण जी आय जो ही अमेरिकन सैनिकाची बाहुली घडवणाऱ्या माणसांपैकी एकाकडून, डोनाल्ड लेव्हीन. गरम झालं की चेहऱ्याचा रंग जाऊन खालून लाल राक्षस निघायचा. दक्षिण आशियातल्या पोरांनी ओसामाला घाबरावं म्हणून. बाहुल्यानं काहीच होत नाही तर हेरखात्यानं कायले डोकं लावलं?

ठेचा भाकर
अन् चाललं का ते? दोनचार नमुने बनले अन् गुंडाळलं ना. सरकारी योजना फेल गेली याच्यावरून तुम्ही योजना बरोबर होती म्हणता, कमाल आहे मास्तर 😀

मास्तर झेडपी
हाउसरची नाही ना गेली फेल. त्याचं बोला.

भाचा नंबर एक
मामा, मीच तो. घरी बोलायचं सोडून इथं लिहिलं तुम्ही 🙏 एकतर ती फिगर आठ वर्षाच्या पोरासाठी नाही, मोठ्या माणसांचा शौक आहे, मी शिल्पकाम पाहतो, कपड्याची घडी, रंग. दुसरं म्हणजे रात्री जेवताना क्राईमच्या सिरियल कोण लावते आपल्या घरी? त्यात मेलेल्या बाईचं नाव तुम्हाला दुसऱ्या दिवशी आठवते का, खरं सांगा.

वरूडचा संत्रा
सिरियल तुही मामी लावते. अन् नाव नाही आठवत, हे खरं आहे. पण ती सिरियल मी विकत घेऊन टीव्हीच्या बाजूले मांडून नाही ठेवत. ठेवाचाच असंल तं खाली पाच नावाची चिठ्ठी चिकटव, नाहीतं तुह्या पुण्याच्या रूमवर ने.

भाचा नंबर एक
चिठ्ठी लावली तर फिगर जमवणाऱ्यांमधे व्हॅल्यू पडते मामा.

पऱ्हाटीवाली
घ्या.

ठेचा भाकर
भाचेबुवा, मामा लय मागं लागले अन् विकाचा विचार झाला तं पहिले मले सांगजो, व्लाड असंल तं अजून चांगलं.