रोजचा पंप बंद करू नका

ताई, मुलगा बारावीत आहे आणि बरं वाटतंय, म्हणून 'सवय लागेल' या भीतीने त्याचा दम्याचा रोजचा पंप (इन्हेलर) थांबवला, असं तुम्ही लिहिलंय. कृपया डॉक्टरांना विचारून तो परत सुरू करा. सवय लागत नाही. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट श्वासनलिकेत जातं आणि तिथली सूज आटोक्यात ठेवतं. धाप लागल्यावरचा निळा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सूज तशीच राहते. म्हणूनच 'जिना' या दम्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या जागतिक मार्गदर्शनात 2019 पासून मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये असं सांगितलंय. रोजच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची पोकळ नळी, वापरा, नंतर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

आणि आपल्या नागपुरातला कूलर! मागच्या उन्हाळ्याचं काळं पडलेलं, कुबट गवत तसंच ठेवून तो सुरू केला, तर बुरशीचे कण थेट पोराच्या तोंडावर येतात. गवत नवीन लावा, टाकी घासा, समोरची खिडकी उघडी ठेवा. हे काम करताना मुलगा जवळ नको.

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर वाट पाहू नका; निळा पंप देत देत जवळच्या दवाखान्यात न्या.